पुन्हा लिहिती झालेली पेनं

जुनं पेन बाजारात फार उशिरा येतं. माणूस गेला की त्याचे कपडे वर्षभरात वाटून होतात, पुस्तकं रद्दीत जातात, पण पेन घरातलं कुणी ना कुणी बाजूला काढून ठेवतं. शाई वाळलेली असते, निब वाकलेली असते, त्याने कुणी लिहिणार नसतं, तरी ते शिवणयंत्राच्या खणात किंवा बिस्किटांच्या जुन्या डब्यात, बटणं आणि किल्ल्यांसोबत, वर्षानुवर्षं पडून राहतं. मग नातवंडं घर पाडायला काढतात, किंवा दिवाळीच्या साफसफाईत तो डबा हाती येतो आणि काही न निवडता आख्खाच्या आख्खा कबाड्याच्या गाडीवर रिकामा होतो. पांढुर्णा आणि सौंसरमध्ये मला मिळालेली बहुतेक पेनं याच वाटेने आली आहेत. कबाड्याकडे पोचल्यावर मात्र पेनाला फार दिवस मिळत नाहीत. तिथे माल धातू आणि प्लास्टिक असा वेगळा होतो: पितळी टोपण एका ढिगात, दांडी दुसऱ्या ढिगात, आणि निब कुठल्याच ढिगात नाही. चाळीस-पन्नास वर्षं जपलेली वस्तू एका दुपारी तुकड्यांत जाते.

त्या दुपारच्या आधी तिथे पोचायचं कसं, पोचल्यावर काय पाहायचं, आणि घरी आणून साध्या हत्यारांनी पेन पुन्हा लिहितं कसं करायचं, हे या पुस्तकात सांगितलं आहे. या विषयावर इंग्रजीत पुष्कळ लिहिलेलं आहे आणि माझं बरंचसं शिक्षण त्यावरच झालं. पण त्या पुस्तकांतली पेनं वॉटरमन, शेफर, पेलिकन, ओनोटो अशी मोठ्या घराण्यांची. आपल्याकडच्या डब्यात हात घातला तर वर येतं ते ड्रॉपरने शाई भरायचं, जाड दांडीचं, काळं किंवा चॉकलेटी देशी पेन. त्याचं नाव त्या पुस्तकांत नसतं. पुष्कळदा त्या पेनावरही कारखान्याचं नाव नसतं. आपल्या गावांतला बहुतेक मजकूर ज्या पेनांनी लिहिला गेला, ती हीच. त्यांच्यासाठी दुरुस्तीची एक वही मराठीत असावी, एवढ्यासाठी मी हे लिहायला घेतलं.

ही गावं कोणती, ते थोडं सांगायला हवं, कारण पेनं गावावरून कळतात. पांढुर्णा आणि सौंसर आज मध्यप्रदेशात आहेत आणि इथल्या घराघरांत मराठी बोलली जाते. १९५६ पर्यंत यात वेगळं वाटण्यासारखं काही नव्हतं. तेव्हा ही गावं ज्या राज्यात होती त्याची राजधानी नागपूर होती, आणि त्या राज्याने हिंदी व मराठी दोन्ही राजभाषा मानल्या होत्या. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यांची पुनर्रचना झाली, विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले, ही गावं असलेला छिंदवाडा जिल्हा मध्यप्रदेशात राहिला आणि राजधानी भोपाळला गेली. २०२३ मध्ये पांढुर्णा स्वतंत्र जिल्हा झाला आणि सौंसर त्यात आलं. १९५६ पासून आजवर इथला सरकारी कागद हिंदीत आणि मामाला लिहिलेलं पत्र मराठीत, असा रिवाज आहे. लिपी दोन्हींची देवनागरी, म्हणून सकाळी कचेरीत चाललेलं पेन संध्याकाळी घरीही चालत असे.

लिहिणारे लोकही ठरलेले. शाळेतले गुरुजी, पटवारी, पोस्टमास्तर, तहसिलीतले कारकून, वकील, संत्र्याच्या आडतीतले मुनीम, स्टेशनातले पार्सलबाबू. पांढुर्णा दिल्ली-चेन्नईच्या मोठ्या रेल्वेमार्गावर, नागपूरपासून शंभरेक किलोमीटर. सौंसरहून नागपूरला जायला छोटी रेल्वे होती. अडीच फुटी रुळांची ती गाडी २०१५ मध्ये बंद झाली आणि पुढे तिथे मोठे रूळ आले. नागपूर विद्यापीठ १९२३ चं. कॉलेजला गेलेला मुलगा तिथून येताना सीताबर्डीवर पेन विकत घेऊन येई, आणि मॅट्रिक झालेल्याला मामा किंवा काका पेन देई. देताना दुकानदाराकडून दांडीवर नाव कोरून घेण्याची पद्धत होती. सुईने कोरलेल्या त्या अक्षरांत पांढरा किंवा सोनेरी रंग भरत. त्यामुळे आजही भिंगाखाली पेन धरलं की आधी दिसतं ते नाव: दोन आद्याक्षरं, आडनाव, कधी खाली ‘सप्रेम भेट’ आणि साल. कारखाना निनावी आणि मालक नावानिशी, अशी कितीतरी पेनं या भागात निघतात.

ही निनावी पेनं कुठून आली, याची गोष्ट मोठी आहे आणि तिचा एक धागा आपल्या अगदी जवळून जातो. आंध्रातल्या राजमहेंद्रीत कोसुरी वेंकट रत्नम यांनी १९३२ च्या सुमारास एबोनाइटची, म्हणजे कडक रबराची, पेनं घडवायला सुरुवात केली. स्वदेशीचा काळ होता, आणि स्वदेशीचा हिशेब लिहायचा तो परदेशी पेनाने, ही गोष्ट पुष्कळांना टोचत होती. रत्नम यांचं पेन गांधीजींपर्यंत पोचलं ते अखिल भारत ग्रामोद्योग संघाच्या जे. सी. कुमारप्पांमार्फत, वर्ध्याला. गांधीजींनी ते वापरून पाहिलं आणि १६ जुलै १९३५ ला वर्ध्याहून रत्नम यांना आभाराचं पत्र पाठवलं: बाजारात दिसणाऱ्या परदेशी पेनांना हे चांगला पर्याय वाटतं, असा त्याचा आशय. वर्धा आमच्यापासून नागपूरच्या पलीकडे, काही तासांच्या अंतरावर. देशी पेनाला पसंती मिळाली ती मुंबई-कलकत्त्यात नव्हे, आपल्या या मुलखात, याचा मला मनापासून अभिमान वाटतो.

शाईची गोष्ट तर मराठी माणसाचीच. मुंबईत गिरगावात दांडेकर बंधूंनी १९३१ मध्ये ‘घोडा छाप’ नावाने शाईची पूड आणि गोळ्या करायला सुरुवात केली. त्यातून पुढे कॅमल शाई आली आणि कॅमलिन हे नाव झालं. बंगालमध्ये १९३४ मध्ये राजशाहीला मैत्र बंधूंची सुलेखा शाई सुरू झाली. शाईची गोळी पाण्यात विरघळवून दौत भरणारे हात आमच्या शाळांतही होते, आणि तीच शाई पुढे ड्रॉपरने पेनात जाऊ लागली. स्वातंत्र्यानंतर परकीय चलन वाचवण्यासाठी आयातीवर बंधनं आली. परदेशी पेन दुर्मीळ आणि महाग झालं, आणि मुंबईपासून दक्षिणेपर्यंत छोट्या-मोठ्या कारखान्यांना दिवस आले. मुंबईची एअरमेल कंपनी १९५१ ची. तिची ‘वॅलिटी’ पेनं अजूनही डब्यांतून निघतात आणि थोड्या धुण्याने चालू होतात.

छोट्या कारागिराचं पेन कसं बनत असे ते कळलं की दुरुस्ती निम्मी सोपी होते. एबोनाइटची कांडी आणायची, ती लेथवर धरून कोरायची, आतून पोकळ करायची, दोन्हीकडे आटे पाडायचे, टोपण त्याच कांडीतून काढायचं, बाहेरून चकाकी द्यायची. निब मात्र विकतची. तमिळनाडूत सात्तूर गावी घराघरांतून निबा बनत, काही निबा जर्मनीहून येत. म्हणजे एकाच पेनात दोन-तीन गावांचं काम असे. आटे हाताने पाडलेले असल्यामुळे एका पेनाचं टोपण त्याच कारागिराच्या दुसऱ्या पेनाला बसेलच असं नाही. म्हणून कबाड्याकडे दांडी मिळाली आणि टोपण मिळालं नाही, तर ढीग पुन्हा चाळा. दुसरं टोपण लावू असं म्हणून उठू नका, कारण ते टोपण जगात एकच असतं.

एबोनाइट ओळखायला नाक पुरतं. अंगठ्याने दांडी जोरात घासा आणि लगेच वास घ्या. जळक्या रबराचा, गंधकाचा वास आला तर एबोनाइट. रबरात तीसएक टक्के गंधक घालून ते तापवलं की हा कडक पदार्थ तयार होतो. कापराचा वास आला तर सेल्युलॉइड, कारण ते बनवताना कापूर वापरतात. काहीच वास नसेल तर नंतरचं प्लास्टिक. ही परीक्षा घरी गेल्यावर करायची नाही, तिथे उभ्याउभ्याच करायची, कारण पुढे काय करायचं आणि काय टाळायचं हे सगळं तिच्यावर ठरतं.

पार्कर ५१ बद्दल मला सगळ्यात जास्त विचारणा होते, म्हणून थोडक्यात सांगतो. हे पेन १९४१ मध्ये बाजारात आलं. निब जवळजवळ पूर्ण झाकलेली, टोपण सहसा धातूचं, दांडी ल्युसाइट नावाच्या ॲक्रिलिकची. १९४८ नंतरच्या पेनांत दाबून शाई ओढायची पारदर्शक पिशवी आहे, आणि ती पिशवी इतकी टिकाऊ निघाली की आज सत्तर वर्षांनीही बहुतेक पेनांत चालते. आपल्याकडे त्याचीच चिनी नक्कल जास्त सापडते. हीरो ६१६ बाहेरून हुबेहूब तसंच. फरक पाहायचा तर पुढचं आवरण हलकेच फिरवून काढा: पार्करची निब मागे नळीसारखी गोल वळलेली असते, हीरोची छोटी आणि उघडी. हीरोही चांगलं लिहितं, ते टाकून देऊ नये. पण पार्कर म्हणून ते विकत घेऊ नये आणि विकू तर मुळीच नये.

कबाड्याकडे बोलणं कसं होतं, तेही सांगतो. पांढुर्ण्यात बाजाराच्या दिवशी एका गाडीवर पत्र्याचा डबा होता. त्यात तुटके चष्मे, घड्याळांचे पट्टे आणि चार पेनं. मी एकेक पेन उचलून टोपण काढून पाहत होतो. गाडीवाला म्हणाला, “चालत नाही जी एकही. नेता तर सगळेच नेऊन टाका.” मी किंमत विचारली. “द्या जी, काय देता ते.” त्यातलं एक पेन जाड, उन्हात राहून हिरवट तपकिरी झालेलं, टोपणाची क्लिप गंजलेली. निबीवर १४ कॅरेटची खूण होती. मी त्याला निब सोन्याची आहे असं सांगितलं आणि त्या हिशेबाने पैसे दिले. माझ्या मते हे सांगायलाच हवं. आपल्याला वस्तूची किंमत कळते आणि समोरच्याला कळत नाही, एवढ्या अंतरावर हा छंद उभा करू नये. शिवाय त्यात व्यवहारही आहे. खरं बोललं की पुढच्या वेळी पेन तोडायच्या आधी तो तुमच्यासाठी बाजूला ठेवतो.

सोन्याच्या निबीचं दुखणं वेगळं आहे. अशा निबीत सोनं जेमतेम अर्धा ग्रॅम किंवा त्याच्या आतबाहेर. सोन्याचा भाव वाढला की ती उपटून वितळवायला जाते आणि बिननिबीचं पेन डब्यात परत येतं. पूर्वी सोनं वापरत ते शोभेसाठी नव्हे. जुन्या निळ्या-काळ्या शाईत लोहक्षार आणि आम्ल असे, ते पोलादाला खाई आणि सोन्याला काही करत नसे. प्रत्यक्ष कागदावर फिरतो तो टोकावरचा बारीक कठीण दाणा. त्याला सगळे इरिडियम म्हणतात. सोनं मऊ असतं, ते घासून संपलं असतं. म्हणून निब घेताना सोन्यापेक्षा तो दाणा आधी पाहा. तो उडालेला असेल तर बाकी सगळं कितीही सुंदर असलं तरी निब संपलेली.

आता कामाचं टेबल. पेन घरी आलं की हातांना घाई सुटते, तिला आवरा. पहिलं औषध पाणी, साधं, थंड किंवा अगदी किंचित कोमट. निब आणि तिच्याखालची जिभली एवढाच भाग वाटीत बुडेल असं पेन उभं ठेवायचं. एबोनाइटची दांडी पाण्यात बुडवायची नाही. जुनं काळं एबोनाइट उजेडाने आतून आधीच बदललेलं असतं, पाणी लागलं की वरचा थर हिरवट तपकिरी होतो आणि मूळ काळा रंग परत येत नाही. सेल्युलॉइडला गरम पाणी चालत नाही. आणि स्पिरिट कशालाच लावू नका. शाईचा डाग स्पिरिटने जातो म्हणून सगळे कापूस बुडवून तयार असतात, पण सेल्युलॉइड त्याने विरघळतं आणि पार्करच्या ल्युसाइटला तडे जातात.

वाटीतलं पाणी पाहण्यासारखं असतं. निळा रंग भराभर सुटला तर साधी धुता येणारी शाई. पाणी आधी निळं आणि मग गंजासारखं तपकिरी झालं तर लोहाची जुनी निळी-काळी, तिला जास्त वेळ लागतो. लाल रंग उतरला तर बहुधा ते पेन एखाद्या गुरुजींचं किंवा हिशेब तपासणाऱ्याचं होतं. क्वचित हिरवा उतरतो. हिरव्या शाईने सही करायचा रिवाज राजपत्रित अधिकाऱ्यांचा. पाणी बदलत राहा. स्वच्छ पाणी स्वच्छच राहीपर्यंत थांबायचं, मग एका दिवसात होवो की आठवड्यात. शाई फारच घट्ट बसली असेल तर पाण्यात अमोनियाचे काही थेंब आणि भांड्यांच्या साबणाचा एक थेंब. याच्या पुढचं औषध सहसा लागत नाही.

ड्रॉपरच्या पेनाचा मोठा गुण म्हणजे त्यात बिघडण्यासारखं जवळजवळ काहीच नाही. पूर्ण दांडी हीच टाकी. पिशवी नाही, कळ नाही, स्प्रिंग नाही. तक्रार एकच: गळतं. खिशावरचे निळे डाग आठवणारी पिढी अजून आहे. गळती दोन ठिकाणांहून होते. पहिली आट्यांतून, तिला आट्यांवर सिलिकॉन ग्रीसचं अगदी पातळ बोट पुरतं. पूर्वी लोक तिथे दोरा गुंडाळत, कुणी मेण लावत. ग्रीस त्याहून बरं आणि काढता येतं. दुसरी गळती निबीतून, आणि ती पेनाचा दोष नाही. शाई कमी झाली की दांडीत हवा वाढते, हाताच्या उबेने ती हवा फुगते आणि उरलेली शाई बाहेर ढकलते. मग कागदावर टपोरा थेंब पडतो. म्हणून शाई पाव दांडीवर आली की भरून घ्यायची. रोज रात्री पेन भरून ठेवणारे जुने कारकून उगाच तसं करत नव्हते. जाड एबोनाइटची दांडी हाताची ऊब आत लवकर जाऊ देत नाही, तेही एक कारण की हातकामाची ती पेनं इतकी जाड ठेवत.

पिशवीच्या पेनांना मात्र शस्त्रक्रिया लागते. बाजूला छोटी कळ असते, ती उचलली की आतली पट्टी रबरी पिशवीला दाबते. वॉल्टर शेफर यांनी १९०८ मध्ये या कळीचं पेटंट घेतलं आणि पुढे पन्नास वर्षं जगभर ती चालली. आतली पिशवी मात्र तीसेक वर्षांत कडक होते. जुनं पेन उघडलं की वाळलेल्या पापडासारखे तिचे तुकडे पडतात. उघडण्यासाठी कोरडी ऊब द्यावी लागते. केस वाळवायच्या ड्रायरने जोडावर थोडी थोडी, हाताला सोसेल एवढीच, आणि मग रबराचा तुकडा धरून हळू फिरवत ओढायचं. जोड शेलॅकचा असतो, म्हणजे चपडी लाख. उबेने ती मऊ पडते आणि काही न तुटता सुटते. पळस आणि कुसुंबावरच्या किड्यांपासून येणारी ही लाख शंभर वर्षांपूर्वी पेनात वापरत होते आणि आजही तिच्याहून चांगलं काही नाही. झटपट चिकटवणारे आजचे गोंद वापरू नका. लाखेचा जोड पुढच्या माणसाला पुन्हा उघडता येतो, त्या गोंदाचा येत नाही. नवी पिशवी नंबरावर मिळते. नंबर म्हणजे इंचाचे चौसष्टावे भाग, १६ नंबर म्हणजे पाव इंच. लाख लावून ती बसवायची, रात्रभर वाळू द्यायची, वरून शंखजिऱ्याची पूड फासायची, आणि मगच दांडीत घालायची.

आता निब. इथे मी सगळ्यांत जास्त पानं खर्च केली आहेत आणि ती कमी करायला मी तयार नाही. निबीची दोन टोकं एका पातळीत आहेत का, हे घड्याळजीच्या भिंगातून पाहायचं. एक टोक वर आणि एक खाली असेल तर कागद खरवडतो. ते नखाने हलकेच दाबून सरळ होतं, चिमट्याने नव्हे. मधली चीर बुजली असेल तर पितळेची पातळ पट्टी तिच्यातून सरकवायची. जिभलीचं काम दुहेरी असतं: शाई खाली आणायची आणि तेवढीच हवा वर जाऊ द्यायची. लुईस वॉटरमन यांचं १८८४ चं पेटंट याच कामासाठी होतं. जिभलीच्या बारीक खाचा साफ असल्या आणि ती निबीला टेकलेली असली की पेन लिहितं. टेकत नसेल तर सुटी एबोनाइटची जिभली कढत पाण्यात काही क्षण धरून निबीवर दाबायची, ती आकार घेते. गरम पाणी चालतं ते फक्त इथे.

भिंगातून पाहिल्यावर आणखी एक गोष्ट दिसते आणि माझ्या लेखी ती या सगळ्या उद्योगाचा गाभा आहे. खूप लिहिलेल्या निबीचा दाणा एका बाजूने घासून सपाट झालेला असतो. बोरूवर अक्षर शिकलेला माणूस पेन तिरकं धरी, आणि देवनागरीत प्रत्येक शब्दावर डावीकडून उजवीकडे रेघ ओढावी लागते. वर्षानुवर्षं तशा रेघा ओढून दाण्यावर एक तिरकी सपाटी तयार होते. आडवी रेघ एका जाडीची, उभी दुसऱ्या जाडीची, तशी ती निब लिहू लागते. इंग्रजी पुस्तकं सांगतात की घासलेला दाणा बारीक कागदाने पुन्हा गोल करून घ्यावा. आपल्याकडच्या पेनांबाबत मला हे मान्य नाही. ती सपाटी एका माणसाच्या हाताने, त्याच्या सगळ्या नोकरीत, घडवलेली आहे. पेन थोडं फिरवून पाहा, तो कोन सापडतो. एकदा सापडला की देवनागरी इतकी सुरेख उतरते की नव्या निबीकडून तशी येत नाही. टोक कागद फाडत असेल तरच हात लावा, आणि लावाल तोही खरवड जाईल एवढाच.

दांडीवरच्या नावाबद्दलही माझं मत ठाम आहे. चकाकी आणायच्या नादात लोक दांडी घासतात आणि कोरलेलं नाव पुसट होतं. कुणी तर दुसऱ्याचं नाव नको म्हणून मुद्दाम घासून काढतात. असं करू नका. हिरवट पडलेलं एबोनाइट हिरवट राहिलं तरी चालेल. गावात ते आडनाव कुणाचं, घर कोणतं, हे विचारलं की पुष्कळदा समजतं, आणि घरच्यांना पेन हवं असेल तर ते दुरुस्त करून परत द्यावं. नको असेल तर कुणाचं होतं, कुठे नोकरीला होते, एवढं लिहून ठेवावं. कारखान्यांचा इतिहास कुणीतरी लिहील. गुरुजींच्या पेनाचा इतिहास त्यांच्या गावातला माणूसच लिहू शकतो, आणि तोही आत्ताच, कारण आठवण सांगणारे लोक झपाट्याने कमी होत आहेत.

शाई आणि कागद यांवर दोन छोटी प्रकरणं आहेत. कॅमलची साधी निळी शाई जुन्या पेनाला निर्धोक आणि कुठल्याही गावात मिळते. सुलेखा मध्यंतरी बंद पडली होती, ती पुन्हा मिळू लागली आहे. चित्रकलेची वॉटरप्रूफ काळी शाई पेनात घालायची नाही, ती आत वाळली की पेन गेलंच. कागदाचं दुःख मोठं आहे. आजच्या स्वस्त वहीत शाई फुटते, मागच्या पानावर उतरते, आणि माणसाला वाटतं पेनच वाईट. जुन्या खतावणीचं कोरं पान कुठे मिळालं तर त्यावर एकदा लिहून पाहा.

किमतींचं प्रकरण मी लिहिलेलं नाही. कोणत्या पेनाचे किती येतील, हे सांगणारे पुष्कळ आहेत. हे पुस्तक विकण्यासाठी पेनं शोधणाऱ्याला फारसं उपयोगी पडणार नाही.

पुस्तक वाचून लगेच घरातल्या आजोबांच्या पार्करला हात घालू नका. आधी बाजारातून एखादं साधं ड्रॉपरचं पेन आणा, क्लिप तुटलेलं, निब वाकडी असलेलं, कुणाला नको असलेलं. ते उघडा, धुवा, आटे पाहा, जिभली काढा, पुन्हा लावा, भरा, गळू द्या, पुन्हा उघडा. दोन-तीन पेनं अशी हाताखालून गेली की बोटांना किती जोर द्यायचा ते कळतं, आणि ते कुठल्याच पुस्तकातून कळत नाही. पहिलं प्रकरण टोपण अडकलेल्या पेनाचं आहे, कारण दहातली निम्मी पेनं तशीच मिळतात: वाळलेल्या शाईने टोपण आट्यांवर घट्ट बसलेलं. टोपणात पाण्याचे चार थेंब जातील असं पेन उलटं धरून ठेवायचं, संध्याकाळी हलकेच फिरवून पाहायचं, हललं नाही तर सकाळी पुन्हा. पक्कड मात्र त्या टेबलावर आणायचीच नाही.